बाळंतपणाची पूर्वतयारी

बाळंतपणाची पूर्वतयारी म्हणजे गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत, म्हणजे साधारणतः २८ व्या आठवड्यापासून प्रसूतीपर्यंत, गर्भवती आणि तिच्या कुटुंबाने सुरक्षित प्रसूतीसाठी व नवजात बाळाच्या स्वागतासाठी केलेली वैद्यकीय, आर्थिक, घरगुती व सामाजिक व्यवस्था होय. महाराष्ट्रात या तयारीला जुनी परंपरा आहे. डोहाळजेवण, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी जाणे, बाळंतिणीची खोली लावणे, डिंक-अळिवाची बेगमी करणे, बाळंतविडा ही तिची परिचित अंगे होत. आधुनिक सार्वजनिक आरोग्यशास्त्रात मात्र या संज्ञेचा भर निराळ्या गोष्टींवर आहे. प्रसूती कोठे करावयाची, तेथे कसे पोहोचावयाचे, सोबत कोण असेल, पैसा व रक्त कोठून मिळेल आणि अडचण आल्यास निर्णय कोण घेईल, हे प्रश्न कळा सुरू होण्यापूर्वी सुटलेले असणे, हा तिचा गाभा मानला जातो.

हा भर देण्याचे कारण साधे आहे. झबली-टोपडी किंवा पाळणा बाळाच्या जन्मानंतरही मिळू शकतो. वाहन, रक्त आणि निर्णय यांना मात्र ऐनवेळी विलंब झाला, तर तो भरून काढता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार सुमारे १५ टक्के गर्भवतींमध्ये जिवाला धोका पोहोचवू शकणारी गुंतागुंत उद्भवते. ती कोणत्या स्त्रीच्या वाट्याला येईल, हे सर्व तपासण्या करूनही आधी निश्चित सांगता येत नाही. म्हणून जिचे गरोदरपण निर्वेध चालले आहे, तिच्या घरीही ही तयारी आवश्यक ठरते.

## कालगणना

प्रसूतीची अपेक्षित तारीख शेवटच्या मासिक पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजेच ४० आठवडे मोजून काढतात. त्यासाठी पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवण्याची पद्धत रूढ आहे. उदाहरणार्थ, शेवटची पाळी १० जानेवारीस आली असेल, तर अपेक्षित तारीख १७ ऑक्टोबर येते. ‘नऊ महिने नऊ दिवस’ हा मराठीतील रूढ शब्दप्रयोग या गणनेच्या अगदी जवळ जाणारा आहे. पाळी अनियमित असल्यास किंवा तारीख आठवत नसल्यास पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफीवरून काढलेली तारीख अधिक विश्वसनीय मानली जाते.

सांगितलेल्या नेमक्या तारखेस शंभरांतील जेमतेम चार-पाच बाळेच जन्मास येतात. ३७ आठवडे पूर्ण झाल्यापासून ४२ व्या आठवड्यापर्यंत कधीही प्रसूती होणे स्वाभाविक आहे, तर ३७ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळास अपुऱ्या दिवसांचे बाळ म्हणतात. यामुळे नवव्या महिन्यावर विसंबून न राहता तयारी आठव्या महिन्याच्या मध्यापर्यंत पूर्ण करावी, असे सुचवले जाते.

‘सातव्या महिन्यातले मूल जगते, आठव्यातले जगत नाही’ असा एक लोकसमज महाराष्ट्रात आढळतो. त्यास वैद्यकीय आधार नाही. गर्भाची फुप्फुसे व इतर अवयव दर आठवड्यागणिक परिपक्व होत असल्याने आठव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाची जगण्याची शक्यता सातव्या महिन्यातील बाळापेक्षा अधिक असते. हा समज घातक ठरतो, कारण त्यामुळे आठव्या महिन्यात कळा आल्यास घरची मंडळी आधीच हताश होतात आणि रुग्णालयात नेण्याची घाई करीत नाहीत.

## ऐतिहासिक पार्श्वभूमी

बाळंतपणाच्या तयारीचे तपशीलवार वर्णन प्राचीन आयुर्वेदीय ग्रंथांत सापडते. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात नववा महिना लागण्यापूर्वीच सूतिकागार, म्हणजे बाळंतिणीसाठी स्वतंत्र निवास, उभारावे असे सांगितले आहे. त्याची जागा, तेथे जमवावयाच्या वस्तू आणि सोबतीस असाव्यात अशा अनुभवी स्त्रियांचे गुण यांचीही चर्चा तेथे येते. सामानाची यादी आधी करणे आणि जाणत्या स्त्रिया हाताशी ठेवणे ही दोन्ही तत्त्वे म्हणजे आजच्या काळाची निर्मिती नव्हे.

एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातील बहुतेक बाळंतपणे घरी, सुईणीच्या हातून होत. अनुभवी सुईण ही गावाचा मोठा आधार असे. परंतु निर्जंतुकीकरणाची कल्पना रुजलेली नसल्याने जंतुसंसर्ग आणि नाळ कापताना होणारा धनुर्वात यांमुळे माता व अर्भके दगावत. आनंदीबाई जोशी यांना वयाच्या चौदाव्या वर्षी झालेला मुलगा दहा दिवसांत मरण पावला. वैद्यकीय मदतीअभावी ओढवलेला हा मृत्यू त्यांना डॉक्टर होण्याची प्रेरणा देणारा ठरला. १८८६ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी पदवी मिळवली. त्यांच्या प्रबंधाचा विषयही आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच होता. त्याच वर्षी मुंबईत स्त्रिया व मुलांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले. १९२६ मध्ये परळ येथे नौरोजी वाडिया प्रसूतिगृहाची स्थापना झाली.

घराकडून रुग्णालयाकडे झालेले हे स्थित्यंतर ग्रामीण भागात बरेच उशिरा घडले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात रुग्णालयातील प्रसूतींचे प्रमाण २००५-०६ मध्ये सुमारे ६५ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये सुमारे ९५ टक्क्यांवर पोहोचले. नमुना नोंदणी पाहणीनुसार राज्यातील मातामृत्यूंचे प्रमाण दर एक लाख जिवंत जन्मांमागे २००४-०६ मध्ये १३० होते, ते २०१८-२० मध्ये ३३ पर्यंत खाली आले. २०१५ मध्ये भारतातून माता व नवजात अर्भकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जाहीर करण्यात आले.

## पारंपरिक तयारी

### डोहाळजेवण व ओटी

गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात गर्भवतीची हौस पुरवण्यासाठी डोहाळजेवण करतात. फुलांची वाडी भरून, झोपाळ्यावर, बागेत, नावेत किंवा चांदण्यात बसवून तिचे कौतुक केले जाते, ओटी भरतात आणि तिच्या आवडीचे पदार्थ करतात. काही घरांत आठव्या महिन्यात अठांगुळे करण्याची रीत आहे. झाकलेल्या दोन वाट्यांतून पेढा निघतो की बर्फी, यावरून मुलगा होणार की मुलगी हे सांगण्याचा खेळ या प्रसंगी खेळला जातो. तो विनोदापुरताच असतो. गर्भलिंगनिदान करणे व करवून घेणे १९९४ च्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. महाराष्ट्राने तर असा कायदा १९८८ मध्येच केला होता.

या समारंभांचे एक व्यावहारिक अंगही आहे. शेजारपाजारच्या व नात्यातल्या बाळंतपणे पाहिलेल्या स्त्रिया अशा वेळी एकत्र येतात. अनुभवाची देवाणघेवाण होते आणि अडीनडीला कोण धावून येईल याचा अंदाज गर्भवतीस येतो.

### माहेरी जाणे

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची प्रथा महाराष्ट्रात सर्वदूर आहे. डोहाळजेवणानंतर लेकीस माहेरी आणतात आणि बाळंतपणानंतर दीड ते तीन महिन्यांनी तिची सासरी पाठवणी होते. कामाचा भार हलका होणे, आईची माया व अनुभव मिळणे आणि संकोच न वाटणे, हे या प्रथेचे मोठे लाभ होत. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत ही प्रथा उलटी झालेली दिसते. तेथे लेक माहेरी येत नाही, तर आई किंवा सासू डिंक, अळीव आणि झबली घेऊन तिकडे जाते.

या प्रथेतील कच्चा दुवा म्हणजे वैद्यकीय नोंदींचा खंड. गर्भवतीची नोंदणी व तपासण्या सासरच्या गावी झालेल्या असतात, प्रसूती मात्र दुसऱ्याच जिल्ह्यात होते. तेथील डॉक्टरांपुढे तिचा रक्तगट, हिमोग्लोबिन, रक्तदाबाचा चढउतार, मधुमेहाची तपासणी यांपैकी काहीच नसेल, तर ती त्यांच्या दृष्टीने अनोळखी रुग्ण ठरते. यास्तव माहेरी जाताना माता व बाल संरक्षण कार्ड आणि सर्व अहवाल सोबत नेणे, पोहोचल्यावर आठवडाभरात तेथील आशा कार्यकर्तीकडे किंवा आरोग्य केंद्रात नाव नोंदवणे आणि एक तपासणी तेथील डॉक्टरांकडे करून घेणे आवश्यक असते.

### बाळंतिणीची खोली व बाळंतविडा

जुन्या घरांत माजघरालगतची, वारा न लागणारी खोली बाळंतिणीसाठी राखून ठेवत. बाज, शेकण्यासाठी शेगडी, ओवा-बाळंतशेपांची धुरी, वावडिंगाचे पाणी, बाळगुटीच्या मुळ्या अशी जमवाजमव होई. डिंकाचे व मेथीचे लाडू, अळिवाची खीर, खारीक-खोबरे यांची बेगमी आजही केली जाते. नातेवाइकांकडून बाळ-बाळंतिणीस दिल्या जाणाऱ्या कपड्यांच्या आहेरास बाळंतविडा म्हणतात. त्यात झबले, टोपडे, कुंची, दुपटे, लंगोट यांचा समावेश असतो.

बाळ जन्मण्यापूर्वी नवे कपडे विकत आणू नयेत, असा संकेत अनेक घरांत पाळतात. अशा घरांत जुन्या सुती लुगड्यांची दुपटी शिवतात आणि घरातील मोठ्या मुलांची झबली धुऊन ठेवतात. अनेकदा धुऊन मऊ झालेले सुती कापड नवजात बाळाच्या नाजूक त्वचेस मानवते. ते स्वच्छ धुऊन कडक उन्हात वाळवलेले असणे एवढीच अट असते.

## तीन विलंब

सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी १९९४ मध्ये मातामृत्यूंच्या कारणांची मांडणी ‘तीन विलंब’ या स्वरूपात केली. पहिला विलंब मदत घेण्याचा निर्णय करण्यात होतो. धोक्याचे लक्षण ओळखू येत नाही, किंवा ओळखले तरी घरातील कर्ता माणूस येईपर्यंत वाट पाहिली जाते. दुसरा विलंब रुग्णालयात पोहोचण्यात होतो, कारण वाहन नसते, रस्ता खराब असतो किंवा पैसे हाताशी नसतात. तिसरा विलंब रुग्णालयात पोहोचल्यावर योग्य उपचार मिळण्यात होतो. तेथे तज्ज्ञ, रक्त किंवा शस्त्रक्रियेची सोय नसते आणि रुग्णास पुढे पाठवावे लागते.

प्रसूतीनंतरच्या अतिरक्तस्रावात उपचार न मिळाल्यास स्त्री सुमारे दोन तासांत दगावू शकते. अशा वेळी प्रत्येक विलंबाचा हिशोब मिनिटांत होतो. पहिले दोन विलंब पूर्वतयारीने बरेचसे टाळता येतात, आणि रुग्णालयाची निवड विचारपूर्वक केल्यास तिसराही कमी होतो.

## तयारीचे घटक

### वैद्यकीय तयारी

गरोदरपणात किमान चार तपासण्या व्हाव्यात असा भारतातील शासकीय निकष आहे; जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ पासून आठ भेटींची शिफारस केली आहे. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानांतर्गत दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी आरोग्य संस्थांत दुसऱ्या व तिसऱ्या तिमाहीतील गर्भवतींची तपासणी विनामूल्य केली जाते.

शेवटच्या तिमाहीत पुढील बाबींकडे विशेष लक्ष दिले जाते.

* हिमोग्लोबिन : दर डेसिलिटरमागे ११ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय समजतात. रक्तक्षय असलेल्या स्त्रीस प्रसूतीतील थोडासा रक्तस्रावही पेलत नाही.
* रक्तदाब : १४०/९० किंवा त्याहून अधिक दाब, विशेषतः लघवीत प्रथिने असल्यास, झटके येण्याचा धोका दर्शवतो.
* रक्तगट : आई आरएच निगेटिव्ह असल्यास साधारण २८ व्या आठवड्यात, तसेच बाळ आरएच पॉझिटिव्ह निघाल्यास प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत, अँटी-डी इंजेक्शन देतात.
* बाळाची स्थिती : बाळ पायाळू किंवा आडवे असल्यास, अथवा वार गर्भाशयाच्या मुखावर असल्यास, प्रसूती शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणीच करावी लागते.
* बाळाची हालचाल : प्रत्येक बाळाची हालचालीची एक ठरावीक लय असते. ती नेहमीपेक्षा मंदावल्यास दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी तपासणी करून घेतात.
* झोप : २८ व्या आठवड्यानंतर उताणे न झोपता कुशीवर झोपण्याचा सल्ला दिला जातो.

बाळ मोठे होऊन बाळंतपण अडेल या भीतीने शेवटच्या महिन्यांत आहार कमी करणे, अथवा ग्रहणकाळात अन्नपाणी वर्ज्य करून तासन् तास एका जागी बसून राहणे, या प्रथा आई व बाळ दोघांनाही अपायकारक होत.

### प्रसूतीच्या ठिकाणाची निवड

ठिकाण निवडताना अंतर आणि सोय या दोहोंचा मेळ घालावा लागतो. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सामान्य प्रसूती होऊ शकते. सिझेरियन शस्त्रक्रिया, भूल देणारे तज्ज्ञ, रक्त आणि नवजात शिशूंचा अतिदक्षता विभाग या सोयी मात्र उपजिल्हा, जिल्हा किंवा मोठ्या खासगी रुग्णालयांत असतात. पूर्वी सिझेरियन झालेले असणे, जुळी बाळे, उच्च रक्तदाब, तीव्र रक्तक्षय, आधीच्या खेपेस अतिरक्तस्राव झालेला असणे, यांपैकी काहीही असल्यास अशा मोठ्या रुग्णालयातच नाव नोंदवतात. सामान्य प्रसूती अपेक्षित असली, तरी पुढे पाठवण्याची वेळ आल्यास कोठे जावयाचे, ते दुसरे रुग्णालयही ठरवून ठेवणे हिताचे असते.

### वाहन, पैसा, रक्त आणि सोबत

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची आपत्कालीन रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून कार्यरत आहे. गर्भवतींना सरकारी रुग्णालयात नेण्या-आणण्यासाठी १०२ क्रमांकाची सेवाही आहे. डोंगराळ भागात, पावसाळ्यात किंवा मोबाइलची रेंज नसलेल्या वस्तीवर केवळ या सेवेवर विसंबून चालत नाही. गावातील ज्याच्याकडे चारचाकी आहे, त्याच्याशी आधीच बोलून ठेवणे, रात्रीबेरात्री हाक मारता येईल याची खात्री करणे आणि ओढ्याला पूर आल्यास दुसरा रस्ता कोणता हे माहीत असणे, यांचाही या तयारीत समावेश होतो.

सरकारी रुग्णालयात उपचार विनामूल्य असले, तरी सोबतच्या माणसांचे जेवण, प्रवास व बुडालेली मजुरी हा खर्च होतोच. त्यासाठी काही रक्कम वेगळी काढून ती गर्भवतीच्याच हाताशी ठेवणे सोयीचे असते. रक्ताची गरज पडल्यास देऊ शकतील अशा दोन-तीन निरोगी नातेवाइकांची किंवा मित्रांची नावे व दूरध्वनी क्रमांक लिहून ठेवतात. स्त्रीचा रक्तगट दुर्मीळ असल्यास रक्तपेढीत आधीच चौकशी करतात.

सोबत कोण राहील, हे गर्भवतीस विचारून ठरवणे योग्य. घरी मोठे मूल असल्यास त्याची, तसेच गुरेढोरे व वृद्धांची व्यवस्था कोण पाहील, हेही ठरवावे लागते. ही सोय न लागल्यामुळे कळा सुरू होऊनही घरातून पाय न निघणाऱ्या स्त्रिया थोड्या नाहीत.

### निर्णयाचा अधिकार

पूर्वतयारीतील सर्वांत दुर्लक्षित घटक हा आहे. पती कामानिमित्त परगावी, सासरे शेतावर आणि सासू ‘आम्हीही बाळंत झालो’ असे म्हणणारी, अशा परिस्थितीत रुग्णालयात जाण्याचा निर्णय तासन् तास लांबतो. धोक्याचे लक्षण दिसताच कोणाचीही परवानगी न घेता गर्भवतीने किंवा जवळ असलेल्या व्यक्तीने निघावे, असे घरात सर्वांसमक्ष आधीच ठरलेले असले, तर पहिला विलंब टळतो. आशा कार्यकर्तीने गृहभेटीत सासू व पती यांच्याशीही बोलावे, यामागे हाच हेतू असतो.

### सामानाची पिशवी

साधारण ३६ व्या आठवड्यापर्यंत एक पिशवी भरून दाराजवळ ठेवण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. तिच्यात पुढील वस्तू असतात.

* कागदपत्रे : माता व बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफी व रक्ताचे अहवाल, आधार कार्ड, बँक पासबुकाची प्रत, विम्याची कागदपत्रे, आवश्यक दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद.
* आईसाठी : पुढून उघडणारे दोन-तीन गाउन किंवा सैल कपडे, अंतर्वस्त्रे, सॅनिटरी पॅड, टॉवेल, चप्पल, शाल, साबण-कंगवा, नेहमीची औषधे.
* बाळासाठी : चार-सहा सुती झबली, टोपडी, पायमोजे, लंगोट, मऊ दुपटी आणि थंडीत एक उबदार पांघरूण.
* इतर : पाण्याची बाटली, पेला-चमचा, कोरडा खाऊ, मोबाइलचा चार्जर, विजेरी.

## लक्षणांची ओळख

खऱ्या कळा ठरावीक अंतराने येतात, हळूहळू अधिक तीव्र होतात, त्यांतील अंतर कमी होत जाते आणि चालल्याने किंवा विश्रांतीने त्या थांबत नाहीत. कंबरेपासून ओटीपोटाकडे येणारी वेदना, चिकट रक्तमिश्रित स्राव आणि पाणमोट फुटणे ही प्रसूती जवळ आल्याची लक्षणे होत. पहिलटकरणीस दर पाच मिनिटांनी सुमारे एक मिनिट टिकणाऱ्या कळा तासभर येत राहिल्यास रुग्णालयात जाण्यास सांगतात. रुग्णालय दूर असल्यास किंवा ही दुसरी-तिसरी खेप असल्यास त्याआधीच निघावे लागते. पाणमोट फुटल्यास कळा नसल्या तरी जाणे आवश्यक असते.

पुढीलपैकी कोणतेही लक्षण दिसल्यास, दिवस भरलेले असोत वा नसोत, तत्काळ रुग्णालय गाठावे लागते : अंगावरून रक्त जाणे, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी येणे किंवा दृष्टी धूसर होणे, चेहरा व हातांवर एकाएकी सूज, झटके, थंडी वाजून ताप, पोटात सतत व असह्य वेदना, धाप लागणे, बाळाची हालचाल मंदावणे किंवा थांबणे, ३७ आठवड्यांपूर्वी कळा सुरू होणे.

## नवजात बाळाची तयारी

बाळाच्या पहिल्या तासाविषयीचे निर्णयही आधीच घ्यावे लागतात, कारण त्या वेळी भोवती जमलेल्या प्रत्येकाकडे सांगण्यासारखे काहीतरी असते. जन्मताच बाळास कोरडे करून आईच्या उघड्या छातीवर ठेवणे आणि पहिल्या तासात स्तनपान सुरू करणे हितकर असते. आईचे पहिले पिवळसर दूध, म्हणजे चीक, पूर्वी अनेक घरांत टाकून देत. प्रत्यक्षात त्यात रोगप्रतिकारक द्रव्ये विपुल असतात. सहा महिन्यांपर्यंत बाळास केवळ आईचे दूध पुरते. मध, साखरपाणी, गुटी किंवा वरचे पाणी देत नाहीत. मधातून लहान बाळांना बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

नाळेवर हळद, तेल, राख किंवा शेण न लावता ती कोरडी ठेवतात. पहिली आंघोळ किमान २४ तासांनंतर, आणि कमी वजनाच्या बाळास त्याहूनही उशिरा घालतात. जन्मतः अडीच किलोपेक्षा वजन कमी असल्यास बाळास छातीशी बांधून ऊब देण्याची कांगारू पद्धत उपयुक्त ठरते. बीसीजी, तोंडावाटे देण्याचा पोलिओचा डोस आणि २४ तासांच्या आत द्यावयाची हिपॅटायटिस बी ही जन्माच्या वेळच्या लसींची यादी होय. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवल्यास विषारी कार्बन मोनॉक्साइड साचतो. म्हणून शेक घ्यावयाचा असल्यास खोलीत हवा खेळती ठेवणे अनिवार्य असते.

नवजात बाळाची काळजी गावपातळीवर घेता येते, हे महाराष्ट्रातील एका प्रयोगाने जगापुढे मांडले. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांमार्फत घरोघरी नवजात बालसेवा दिली. तेथील नवजात मृत्युदर तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २०११ पासून भारत सरकारने आशा कार्यकर्तींमार्फत ही पद्धत देशभर स्वीकारली. रुग्णालयात प्रसूती झाल्यास ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी आशा घरी भेट देते. घरी प्रसूती झाल्यास पहिल्या दिवसाची भेट त्यात वाढते.

## शासकीय योजना व कायदे

* जननी सुरक्षा योजना (२००५) : महाराष्ट्रात दारिद्र्यरेषेखालील, तसेच अनुसूचित जाती-जमातींतील स्त्रियांना आरोग्य संस्थेतील प्रसूतीसाठी ग्रामीण भागात ७०० व शहरी भागात ६०० रुपये.
* जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम (२०११) : सरकारी संस्थेत प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, आहार व प्रवास विनामूल्य.
* प्रधानमंत्री मातृवंदना योजना (२०१७) : पात्र मातांना पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये, नंतरच्या सुधारणेनुसार दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये.
* मातृत्व रजा : १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळू लागली. त्यांपैकी जास्तीत जास्त ८ आठवडे अपेक्षित तारखेपूर्वी घेता येतात.
* जन्मनोंदणी : १९६९ च्या कायद्यानुसार २१ दिवसांच्या आत करावयाची असते. बाळाचे नाव ठरले नसल्यास नावाविना नोंद करून ते मागाहून घालता येते, त्यामुळे बारशापर्यंत थांबण्याचे कारण नाही.

## दुर्गम भाग व स्थलांतरित कुटुंबे

राज्यातील आदिवासी भागांत माहेरघर योजना राबवली जाते. रस्ता नसलेल्या पाड्यांवरील गर्भवतीस प्रसूतीपूर्वी काही दिवस प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात सोबतीच्या माणसासह राहण्याची सोय त्यात आहे. दुसरा विलंब टाळण्याचा हा सरळ मार्ग होय. कळा सुरू झाल्यावर झोळीत घालून नदी-डोंगर ओलांडण्याऐवजी स्त्री आधीच केंद्राजवळ पोहोचलेली असते. योजनेला दिलेले नावही बोलके आहे, कारण माहेरपणाची जुनी कल्पनाच येथे आरोग्यसेवेने उचललेली दिसते.

ऊसतोडणीसाठी मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जाणाऱ्या कुटुंबांची अडचण वेगळी आहे. हंगाम पाच-सहा महिने चालतो. घेतलेल्या उचलीमुळे काम सोडता येत नाही आणि अनेक गर्भवती अखेरच्या महिन्यापर्यंत मोळ्या वाहतात. कारखान्याच्या परिसरातील कोप्यांवर ना पाण्याची सोय असते, ना ओळखीची आशा कार्यकर्ती. अशा स्त्रीची पूर्वतयारी गावातून निघतानाच करावी लागते. तपासणीचे कार्ड, लोहाच्या गोळ्यांचा साठा आणि गावच्या आशेचा क्रमांक सोबत घेणे, तसेच तळावर पोहोचताच जवळच्या उपकेंद्रात नाव नोंदवणे, या तिच्या पूर्वतयारीतील किमान बाबी होत.

वाटेत किंवा घरी अवचित प्रसूती झाल्यास पाच स्वच्छता पाळतात : स्वच्छ हात, स्वच्छ जागा, नवे पाते, नाळ बांधण्यासाठी स्वच्छ दोरा आणि कोणतेही द्रव्य न लावलेली नाळ. त्यानंतर आई व बाळ दोघांनाही रुग्णालयात नेणे आवश्यक असते.

## परंपरा आणि आधुनिक दृष्टी

परंपरागत तयारी आणि आधुनिक तयारी यांत विरोध असलाच पाहिजे असे नाही. विश्रांती, पौष्टिक आहार, जाणत्या स्त्रियांची सोबत आणि बाळ-बाळंतिणीला दिलेला सव्वा महिना, या परंपरेच्या देणग्या आजही मोलाच्या आहेत. बाळंतपणानंतरच्या उदासीनतेच्या काळातही मायेच्या सोबतीचा आधार वाटतो. मात्र सतत रडू येणे, झोप न लागणे, बाळाविषयी अलिप्तता ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा लागतो. चीक टाकणे, नाळेस राख लावणे, गर्भवतीस अर्धपोटी ठेवणे यांसारख्या चाली मात्र सोडून देणेच इष्ट. डोहाळजेवणाच्या दिवशी जमलेल्या आप्तांमधूनच रक्तदाते, वाहन आणि सोबतीण निश्चित करून घेतल्यास त्या समारंभाचा मूळ हेतू, म्हणजे गर्भवती एकटी नाही ही खात्री, अधिक अर्थाने सफल होतो.

## हे सुद्धा पहा

* गर्भारपण
* डोहाळजेवण
* बारसे
* स्तनपान
* आशा कार्यकर्ती
* आनंदीबाई जोशी